‘नमतं घ्या’ : पियानोच्या कागदावरचे फ्रेंच शब्द

१९१० साली पॅरिसच्या द्युराँ या प्रकाशकाने क्लोद देब्युसी या संगीतकाराच्या बारा छोट्या पियानो-रचनांचं पुस्तक छापलं. त्यातली सहावी रचना बर्फावर उमटलेल्या पावलांची आहे. तिच्या सुरुवातीलाच वाजवणाऱ्यासाठी बारीक अक्षरात एक सूचना आहे. तिचा आशय असा, की डाव्या हातात जी लय चालू आहे तिचा नाद एखाद्या उदास, गोठलेल्या निसर्गचित्राच्या पार्श्वभूमीसारखा असला पाहिजे.

पियानोचा विद्यार्थी इथे अडखळतो. जोरात वाजव, हळू वाजव, वेग वाढव, या आज्ञा बोटांना कळतात. गोठलेलं निसर्गचित्र बोटांनी कसं वाजवायचं? विद्यार्थी फ्रेंच नसेल तर अडचण दुप्पट. आधी वाक्याचा अर्थ लावायचा आणि मग तो बोटांत उतरवायचा. मी पियानो वाजवत नाही, उर्दू आणि मराठी शिकवतो. पण हा प्रश्न जितका संगीताचा तितकाच भाषेचा आहे. कागदावरचा शब्द वाचणाऱ्याला किती बांधतो? लिहिणारा हयात नसताना त्याचा अर्थ कोणी ठरवायचा? साधारण १८९० ते १९१५ या पंचवीस वर्षांतल्या फ्रेंच सूचना वाचताना हे दोन्ही प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात.

इटालियनची सत्ता आणि फ्रेंचांची कुरबूर

युरोपच्या संगीतात सूचनांची भाषा कित्येक पिढ्या इटालियन होती. ‘अलेग्रो’ म्हणजे जलद, ‘आदाजिओ’ म्हणजे संथ, ‘पियानो’ म्हणजे हळू आवाजात, ‘फोर्ते’ म्हणजे जोरात. आपल्याकडे कोर्टकचेरीच्या भाषेत फारसी जशी मुरली, आणि ‘वकील’, ‘फिर्याद’, ‘जामीन’ हे शब्द परके आहेत याची कुणाला आठवणही राहिली नाही, तसंच हे झालं.

पण शब्द नाण्यासारखे झिजतात. ‘अलेग्रो’चा मूळ अर्थ आनंदी. बीथोवननं १८१७ साली एका पत्रात तक्रार केली की रचना दुःखी असली तरी तिच्यावर आनंदी असं लिहावं लागतं, हे वेडेपणाचं आहे. दोनच वर्षांपूर्वी मेल्त्सेलने मेट्रोनोमचं, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. बीथोवनला वाटलं, वेग आकड्यात सांगावा. त्याच पत्रात त्याने एक भेदही केला. वेग हे रचनेचं शरीर आहे, पण रचनेचा स्वभाव सांगणारे शब्द तिच्या आत्म्याशी जोडलेले आहेत आणि ते टाकून देता येणार नाहीत.

फ्रेंचांची कुरबूर याहून शंभर वर्षं जुनी. फ्रांस्वा कुपरँने १७१६ साली हार्प्सिकॉर्ड वाजवण्याच्या कलेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की आम्ही फ्रेंच लोक लिहितो एक आणि वाजवतो दुसरं, म्हणून परदेशी वादकांना आमचं संगीत नीट वाजवता येत नाही. आमच्या मनातलं दाखवणाऱ्या खुणा आमच्याकडे नाहीत, म्हणून आम्ही रचनेच्या डोक्यावर ‘कोमलतेने’, ‘चपळपणे’ असे शब्द लिहितो. कुणीतरी परदेशी लोकांसाठी आमचा अनुवाद करावा, अशी इच्छाही तो बोलून दाखवतो. इथे हे लक्षात घ्यायला हवं की हार्प्सिकॉर्डमध्ये तार खुडली जाते. पट्टी जोराने दाबली म्हणून आवाज वाढत नाही. तरीही कुपरँ ‘कोमलतेने’ लिहितो, म्हणजे त्याला आवाजाच्या पट्टीपलीकडचं काहीतरी सांगायचं होतं. सूर केव्हा सोडायचा, किती लांबवायचा, दोन सुरांत किती फट ठेवायची, हे सगळं त्या एका शब्दात आलं.

पुढे १८७०-७१ मध्ये फ्रान्स प्रशियाकडून हरला. त्याच १८७१ साली पॅरिसमध्ये ‘सोसिएते नासिओनाल’ ही संगीतसंस्था निघाली आणि तिचं ब्रीद होतं फ्रेंच कला. जर्मन संगीताच्या, विशेषतः वाग्नरच्या सावलीतून बाहेर पडायची धडपड सुरू झाली. रचनेवर स्वतःच्या भाषेत सूचना लिहिणं हा त्या धडपडीचा एक लहान पण रोज डोळ्यांपुढे येणारा भाग होता. हा बदल एका दिवसात झाला नाही. १९०५ साली छापलेली देब्युसीची ‘क्लेर द ल्यून’ ही प्रसिद्ध रचना उघडली तर दोन भाषांची सरमिसळ दिसते. सुरुवातीच्या सूचनेत पहिला शब्द इटालियन, पुढचे दोन फ्रेंच. शेवटची सूचनाही तशीच, ‘विझत जा’ हे इटालियनमध्ये आणि ‘शेवटपर्यंत’ हे फ्रेंचमध्ये. पाच वर्षांनंतरच्या बारा रचनांत मात्र फ्रेंचचा वरचष्मा आहे.

कामाचे शब्द

या सूचनांना अनेक जण कविता समजतात. तसं समजलं की दोनच वाटा उरतात, एकतर डोळे मिटून भावुक व्हायचं किंवा सूचना वाचायचीच नाही. प्रत्यक्षात यातल्या बऱ्याच सूचना अगदी कामाच्या आहेत.

‘सेदे’ हा शब्द घ्या. इंग्रजी तक्त्यांत त्याचा अर्थ ‘वेग कमी करा’ एवढाच मिळतो, आणि इटालियन ‘रितार्दांदो’चा समानार्थी म्हणून तो खपवला जातो. फ्रेंचमध्ये मात्र त्याचा अर्थ ‘हार माना, जागा द्या’ असा. मराठीत त्याला नेमका वाक्प्रचार आहे, ‘नमतं घ्या’. ब्रेक लावणं वेगळं आणि नमतं घेणं वेगळं. नमतं घेणारा माणूस थांबत नाही, दाराशी क्षणभर बाजूला होतो, समोरच्याला जाऊ देतो आणि चालू लागतो. देब्युसी या शब्दापुढे टिंबं देतो आणि नमतं घेणं कुठे संपतं तिथे दोन तिरप्या रेघा मारतो. एवढी काटेकोर हद्द आखणाऱ्या माणसाला भोंगळ म्हणता येत नाही. याच घराण्यातला दुसरा शब्द ‘सेरे’, म्हणजे आवळा. वेग वाढतो, पण पळाल्यासारखा नाही, गाठ आवळत गेल्यासारखा. तिसरा ‘आँ दऑर’, म्हणजे बाहेर. अनेक सूर एकदम चालू असताना हा सूर पुढे आणा, बाकीचे मागे राहू द्या.

आता बर्फाकडे परत जाऊ. तिथला महत्त्वाचा शब्द ‘पार्श्वभूमी’ आहे. डाव्या हातातली ती छोटी, अडखळणारी लय जवळजवळ संपूर्ण रचनेत चालू राहते. देब्युसी सांगतोय की ती गाणं नाही, ती मागचा पडदा आहे. गाणं तिच्यावर येतं आणि त्याच्यावर ‘भावपूर्ण, वेदनेने’ अशी वेगळी सूचना आहे. म्हणजे एकाच वेळी दोन पातळ्या, दोन वजनं. मागचा पडदा थंड आणि एकसारखा, पुढचा आवाज दुखावलेला. दोन्हींत सारखंच दुःख ओतणाऱ्या वादकाने सूचनेतला ‘उदास’ एवढाच शब्द वाचला, ‘पार्श्वभूमी’ वाचायची राहिली.

आणखी एक फसवा शब्द ‘न्युआन्स’. इंग्रजीमार्गे आपण त्याचा अर्थ ‘बारकावा’ असा करतो. १९०३ च्या ‘पागोद’ या रचनेच्या सुरुवातीला देब्युसी ‘नाजूकपणे आणि जवळजवळ न्युआन्सशिवाय’ असं लिहितो. ‘बारकाव्याशिवाय वाजवा’ असा अर्थ केला तर संगीतकार वेडा ठरेल. फ्रेंच संगीताच्या भाषेत मात्र न्युआन्स म्हणजे आवाजाचा चढउतार. चढउतार जवळजवळ नको, एवढंच त्याला म्हणायचं आहे. याचं कारणही इतिहासात आहे. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने जावाचं गामेलान ऐकलं होतं, धातूच्या घंटा आणि पट्ट्यांचं समूहवादन. त्या वादनातली समपातळी त्याला पियानोवर हवी होती.

कुरआन शरीफ वाचायला शिकलेल्या वाचकाला ओळींच्या वरची छोटी अक्षरं आठवतील. मीम दिसला की थांबायचं, लाम-अलिफ दिसला की थांबायचं नाही, जीम असेल तर दोन्ही चालतं. दोन्ही मजकुरांच्या दर्जाची तुलना करण्याचा प्रश्नच नाही, तुलना आहे फक्त लिखित खुणेच्या मर्यादेची. थांबा म्हणजे किती थांबा, थांबताना शेवटचं अक्षर कसं मिटवायचं, हे उस्तादाच्या तोंडूनच कळतं. खूण कागदावर राहते आणि तिचा वापर माणसांत राहतो. माणसांची साखळी तुटली की खुणेच्या अर्थावर वाद सुरू होतात.

बुडालेल्या चर्चचा वाद

असा एक खरा वाद सांगतो. याच बारांतली दहावी रचना बुडालेल्या चर्चची. ब्रिटनीच्या किनाऱ्यावर ईस नावाचं शहर समुद्रात बुडालं, आणि त्याचं चर्च कधीकधी पाण्यावर येतं, अशी तिथली दंतकथा आहे. सुरुवातीला सूचना आहे, ‘अगाध शांत, हळुवार नाद असलेल्या धुक्यात’. पुढे येते ‘हळूहळू धुक्यातून बाहेर पडत’, मग चर्च पूर्ण वर आल्यावर ‘घुमणारा आवाज, पण कठोरपणा नको’.

छापील कागदावर वेगाबद्दल एक कोडं आहे. मापाची दोन चिन्हं बरोबरीच्या खुणेने जोडलेली आहेत, पण नेमकं काय कशाच्या बरोबर हे स्पष्ट नाही. अक्षरशः वाचलं तर मधला मोठा भाग अतिशय संथ होतो, आणि अनेक वर्षं अनेक वादकांनी तो तसाच वाजवला. ‘अगाध शांत’ या शब्दांशी ते जुळतही होतं.

पण देब्युसीने स्वतः वेल्टे-मिन्यों कंपनीसाठी आपल्या काही रचना वाजवून ठेवल्या होत्या. ही व्यवस्था म्हणजे भोकं पाडलेला कागदी रोल, जो यंत्राच्या पियानोत घातला की पट्ट्या आपोआप दाबल्या जातात. १९१३ च्या सुमाराचे हे रोल आजही ऐकता येतात. त्यात तो ठरावीक ठिकाणी वेग सरळ दुप्पट करतो आणि पुन्हा निम्म्यावर येतो. कागदावर ही सूचना कुठेही शब्दांत नाही. यावर एक आक्षेप घेतला जातो की रोल कोणत्या वेगाने फिरवायचा हे आज खात्रीने सांगता येत नाही. आक्षेप बरोबर आहे, पण तो इथे लागू पडत नाही. रोल जलद फिरो की संथ, एकाच रोलमधल्या दोन भागांतलं दुप्पट-निम्म्याचं प्रमाण त्यामुळे बदलत नाही.

मग खरं काय, छापलेला कागद की लेखकाचा हात? मला वाटतं इथे हाताची साक्ष जड आहे, आणि त्याने शब्दही खोटे पडत नाहीत. ‘अगाध शांत’ ही सूचना धुक्यासाठी होती. धुक्यातून बाहेर पडल्यावरही वादक तिलाच धरून बसला, तर पुढची सूचना त्याने वाचलेली नसते.

शब्द जेव्हा उलटं बोलतो

काही शब्द मात्र सरळ वाचले की फसतात. १९०८ च्या ‘चिल्ड्रन्स कॉर्नर’ या संचातली शेवटची रचना एक धमाल नाच आहे. त्याच्या मधोमध देब्युसी वाग्नरच्या ‘ट्रिस्टान’ या गंभीर प्रेमनाट्याची सुरुवातीची सुरावट घालतो आणि वर लिहितो, ‘मोठ्या भावनेने’. लगेच पुढे छोटे, टुणटुणणारे सूर येतात, जणू कुणी खुदकन हसलं. ‘मोठ्या भावनेने’ ही इथे थट्टा आहे. पण थट्टा जमायची तर वादकाने ती ओळ खरोखर भावनेने वाजवायला हवी. डोळा मारून वाजवली तर विनोद मरतो. आपल्याकडे वऱ्हाडातला तमासगीर गंभीर चेहऱ्याने जे बोलतो त्याची गंमत त्या गंभीर चेहऱ्यातच असते, तसं.

एरिक साती या बाबतीत सगळ्यांच्या पुढे. त्याच्या १८९० च्या सुमाराच्या ‘ग्नोसिएन’ रचनांमध्ये माप विभागणाऱ्या उभ्या रेघाच नाहीत. वर सूचना अशा, की ‘प्रश्न विचारा’, ‘विचाराच्या टोकाने’, ‘डोकं उघडा’, ‘आवाज पुरून टाका’. १९१३ च्या एका रचनेत तो दातदुखी झालेल्या बुलबुलासारखं वाजवायला सांगतो. उर्दू शायरीचा बुलबुल शतकानुशतकं गुलाबासाठी रडत आला आहे, त्याचा दात कधी दुखला नव्हता! ही सगळी गंमत श्रोत्यांना ऐकवावी असं कुणालाही वाटेल. सातीने १९१४ च्या एका संचात त्याला स्पष्ट मनाई केली, वादन चालू असताना मजकूर मोठ्याने वाचायचा नाही. म्हणजे हे शब्द वादक आणि कागद यांच्यातलं खासगी बोलणं आहे. बोटांनी काय करायचं ते त्यात नाही. पण प्रत्येक वादक जी ठरीव करुण मुद्रा चेहऱ्यावर आणतो, ती आणायला हे शब्द वेळच देत नाहीत. माझ्या मते त्यांचं काम तेच.

रशियन माणसाची फ्रेंच

अलेक्झांडर स्क्रियाबिन (१८७२-१९१५) रशियन. रशियाच्या खानदानी घरांत फ्रेंच बोलली जात असे, आणि १९०४ पासून काही वर्षं तो स्वित्झर्लंड, बेल्जियम अशा देशांत राहिला. त्याच काळात तो थिऑसॉफीच्या विचारांत बुडाला. त्याच्या शेवटच्या सोनाटांमध्ये फ्रेंच सूचना मंत्रासारख्या येतात. सहाव्या सोनाटात एका जागी ‘दहशत उसळते’ असं लिहिलं आहे, आणि ती रचना त्याने जाहीर मैफिलीत कधी वाजवली नाही. नवव्यात ‘अधिकाधिक लाडिक आणि विषारी गोडव्याने’. सातव्यात ‘स्वर्गीय व्होल्युप्ते’.

हा ‘व्होल्युप्ते’ अनुवादकाची परीक्षा घेतो. त्यात शरीराचं सुख आहे. मराठीत ‘दिव्य आनंद’ म्हटलं तर शरीर गळून जातं, ‘कामसुख’ म्हटलं तर स्वर्ग गळून जातो. गझल वाचणाऱ्याला मात्र ही अडचण फारशी जाणवत नाही. इश्क़-ए-मजाज़ी आणि इश्क़-ए-हक़ीक़ी, माणसावरचं प्रेम आणि खुदावरचं प्रेम, एकाच शब्दात नांदू शकतं हे त्याला ठाऊक असतं. स्क्रियाबिनचा मार्ग सूफींचा नव्हता, आणि त्याला ओढूनताणून सूफी करायची गरज नाही. पण त्याचा शब्द दोन अर्थांपैकी एक निवडा असं सांगत नाही, हे समजायला आपली काव्यपरंपरा मदत करते.

इथे एक नातं इतिहासातच आहे. हज़रत इनायत ख़ान १८८२ साली बडोद्यात जन्मले. त्यांचे आजोबा मौलाबख़्श सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यातल्या गायनशाळेचे प्रमुख होते आणि भारतीय संगीतासाठी स्वरलेखनाची पद्धत त्यांनी तयार केली होती. कागदावर सूर कसा उतरवायचा हा प्रश्न म्हणजे या घरातला. इनायत ख़ान १९१० मध्ये भारताबाहेर पडले, आणि पहिल्या महायुद्धाआधीच्या त्या थोड्या वर्षांत पॅरिसमध्ये देब्युसीला आणि मॉस्कोमध्ये स्क्रियाबिनला भेटले. या भेटींमुळे त्या दोघांचं संगीत बदललं असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. पण बडोद्याच्या दरबारी घराण्यातला एक मुसलमान गवई त्यांच्यासमोर बसून बोलला, एवढं खरं.

ग्रॅनाडा कुणाचं?

आता शेवटचा आणि मला सर्वांत अवघड वाटणारा भाग. १९०३ मध्ये ‘पागोद’च्याच संचात देब्युसीने ‘ग्रॅनाडातली संध्याकाळ’ लिहिली. दहा वर्षांनी, एका स्पॅनिश मित्राकडून आलेल्या पोस्टकार्डावर अलहम्ब्राच्या एका दरवाजाचं चित्र बघून, त्याने त्या दरवाजावर आणखी एक रचना केली. तिच्यावरची सूचना पराकोटीची हिंसा आणि आवेगाने भरलेला गोडवा यांची अचानक टक्कर मागते.

ग्रॅनाडा म्हटलं की आपल्यापैकी अनेकांना २ जानेवारी १४९२ आठवतो, त्या दिवशी शहराच्या किल्ल्या दिल्या गेल्या. त्यामुळे या रचनेत तोच मातम ऐकू येतो असं म्हणण्याचा मोह होतो. पण कागद वाचा. दोन्ही रचनांवर नाचाचं नाव आहे, हाबानेरा. हा नाच हवानाचा, म्हणजे क्युबाचा. वरच्या सुरावटीत अरबी वळण आहे, खाली क्युबाचा ठेका. देब्युसी ग्रॅनाडाला कधी गेलाच नव्हता. स्पेनमध्ये त्याने काही तासच घालवले होते, तेही फ्रान्सच्या सीमेजवळच्या सान सेबास्तियनमध्ये. पहिल्या रचनेची सुरुवात ‘बेफिकीर डौलाने’ करायची आहे. ही संध्याकाळ पॅरिसमध्ये बसून कल्पिलेली आहे, आणि तिच्यात अंदलूसच्या मुसलमानांचा शोक वाचणं म्हणजे दुसऱ्याच्या पत्रात आपलं नाव शोधणं. उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. पुढे स्वतः ग्रॅनाडात राहायला गेलेला स्पॅनिश संगीतकार मान्वेल दे फाया याने लिहिलं, की या रचनेत स्पॅनिश लोकसंगीतातली एकही ओळ उसनी नाही, तरीही तिच्यात स्पेन भेटतो.

दिल्लीचंही असंच. १९१३ च्या पुस्तकातल्या सातव्या रचनेच्या नावात चांदण्यातल्या भेटींची गच्ची आहे. हे शब्द १९११ च्या दिल्ली दरबारावरच्या एका फ्रेंच वार्तापत्रातून आलेले. देब्युसीने वर्तमानपत्रातला एक तुकडा उचलला आणि त्याच्यावर ‘संथ’ एवढंच लिहिलं. शिवाय या दोन्ही पुस्तकांत त्याने नावं रचनेच्या सुरुवातीला छापलीच नाहीत. ती शेवटी, कंसात, तीन टिंबांनंतर येतात. आधी वाजवा, मग नाव बघा. नावावरून भावना ठरवणाऱ्या वाचकाला त्याने मुद्दाम शेवटपर्यंत थांबवलं आहे.

मॉरिस राव्हेल म्हणत असे, माझ्या संगीताचा अर्थ लावू नका, फक्त वाजवा. ऐकायला हे सोपं वाटतं. पण ‘फक्त वाजवण्या’साठीसुद्धा ‘सेदे’ म्हणजे थांबणं नव्हे हे कळावं लागतं, न्युआन्स म्हणजे बारकावा नव्हे हे कळावं लागतं, ‘मोठ्या भावनेने’ कुठे खरं आणि कुठे खोडी हे कळावं लागतं. शब्दाला चिकटून बसणारा वादक बुडालेल्या चर्चला पाण्यातच ठेवतो. अर्थाच्या नावाखाली हवं ते करणारा ग्रॅनाडात स्वतःचाच शोक वाजवतो. दोघांच्याही हातात कागद तोच असतो. शेजारची ओळ, लिहिणाऱ्याचा काळ, त्याच्या हाताची शिल्लक राहिलेली साक्ष, आणि ती भाषा बोलणाऱ्यांचा वापर, हे चार साक्षीदार बोलावल्याशिवाय शब्दाचा निकाल लावू नये. जुने मजकूर वाचणाऱ्या कुणालाही हा नियम लागू आहे, मग तो पियानोवर बसलेला असो वा नसो.